आमटीतली डाळ कुठे गेली?

मराठी मध्यमवर्गाला दर चार-पाच वर्षांनी कशाची तरी कमतरता होते. एके काळी ती कॅल्शियमची होती. गुडघा दुखला, कॅल्शियम. नख तुटलं, कॅल्शियम. सासू-सुनेचं पटेना, तरी दोघींना कॅल्शियम. मग बी-ट्वेल्व्हची लाट आली आणि विसराळूपणाला प्रथमच वैद्यकीय मान्यता मिळाली. त्यामागून ‘डी’ आलं. वर्षातले आठ महिने सूर्य ज्यांच्या डोक्यावरून उठत नाही, त्या सोलापूर-नागपूरकडच्या मंडळींनाही ऊन कमी पडतंय असं निघालं आणि त्यांनी ते अभिमानानं सांगितलं. कमतरता ही प्रतिष्ठेची वस्तू आहे. तिचा रिपोर्ट असतो, रिपोर्टात आकडा असतो, आणि आपला आकडा शेजाऱ्यापेक्षा वाईट निघाला तर संध्याकाळच्या कट्ट्यावर बोलण्याचा पहिला मान आपला.

सध्या हा मान प्रोटीनकडे आहे. प्रोटीनची गंमत अशी की त्याला रिपोर्टसुद्धा लागत नाही. केस गळले, प्रोटीन कमी. दुपारी जेवून झोप आली, प्रोटीन कमी. जिन्यात दम लागला, प्रोटीन कमी (लिफ्ट बंद पडेपर्यंत जिना पाहिला नव्हता, हे कोणी विचारत नाही). दुकानात जावं तर बिस्किटांवर ‘प्रोटीन’, दह्यावर ‘प्रोटीन’, कुरकुरीत तळलेल्या कशावर तरी ‘प्रोटीन’. आणि कट्ट्यावरचा सगळ्यात ठाम निष्कर्ष असा, की ‘आपल्या शाकाहारात प्रोटीनच नसतं हो.’ हे वाक्य ऐकवणारे गृहस्थ बहुधा त्या वेळी मिसळ खात असतात. चमच्यानं मटकी बाजूला सारून ते फरसाण शोधत असतात.

तेव्हा आधी हिशेब करू. मराठी माणूस व्यापारात कच्चा असेल, पण दुसऱ्याच्या ताटाचा हिशेब त्याला चोख जमतो.

हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. ती आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी २०२० साली जे तक्ते काढले, त्यांत निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलं आहे. म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅमच्या आसपास. सगळी भिस्त धान्यावरच असेल तर किलोमागे एक ग्रॅम धरावं. इथे वजन म्हणजे उंचीला शोभेल एवढं वजन. पोटाला वेगळं प्रोटीन लागत नाही.

आता आवक बघा. तूर, मूग, मसूर, उडीद, हरभरा, कुठलीही डाळ घ्या, शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत २१ ते २४ ग्रॅम प्रोटीन असतं. मटकी, चवळी, वाल, कुळीथ विशीच्या आगेमागे. शेंगदाणे २३-२४. गहू, ज्वारी, बाजरी दहा-अकरा. तांदूळ आठच्या जवळपास. सोयाबीन ३५ च्याही वर. आणि ज्याच्यापुढे शाकाहारी माणूस उगाच खजील होतो, त्या अंड्यात शंभर ग्रॅमला तेरा.

हे आकडे सांगितले की कट्ट्यावर विजयोत्सव सुरू होतो. ‘म्हणजे डाळ जिंकली!’ जिंकली, पण कोरडी असताना. कोरडी डाळ कोणी खात नाही. ती शिजायला जाते, आणि तिथे तिची गाठ मराठी स्वयंपाकघराशी पडते.

पाण्याच्या बाबतीत आमच्याइतका उदार हात भारतात दुसरा नसेल. दक्षिण कोकणापासून बुलढाण्यापर्यंत आमटीचे शेकडो प्रकार आहेत, आणि त्या सगळ्यांत एक घटक समान आहे: नळ. पाहुणा आला, पाणी घाला. दोन पाहुणे आले, पाणी घाला आणि एक आमसूल टाका. रात्रीची उरली, सकाळी पाणी घालून उकळा. डाळ मात्र आपली तेवढीच, सकाळी मोजून घेतलेली. चार माणसांत पाऊण वाटी डाळ, म्हणजे सुमारे शंभर ग्रॅम. माणशी पाच-साडेपाच ग्रॅम प्रोटीन आणि उरलेली महानगरपालिका. काही घरांत तर आमटी वाढताना पळी तळापर्यंत न्यायची की वरच्यावर फिरवायची, यावर नात्याची जवळीक ठरते. जावयाला तळातली, भाचरांना मधली, आणि वर तरंगणारी कढीपत्त्याची पानं घरच्या कर्त्याला.

पंगतीत तर डाळीची अवस्था आणखी केविलवाणी. पानात मूद पडते, तिच्यावर वरणाची एक पळी, त्यावर तूप, कडेला लिंबाची फोड. वरण वाढणारा इतक्या वेगानं जातो की त्याची पाठ दिसल्यावर कळतं, वरण येऊन गेलं. मग मटकीची उसळ येते, चमचाभर. ती तोंडी लावायची असते. आग्रह सुरू होतो जिलबी आली की. ‘एक घ्या हो, आमच्यासाठी घ्या, पैज लावा!’ श्रीखंडाचा आग्रह, पुरीचा आग्रह, मठ्ठ्याचासुद्धा आग्रह. ‘अहो, उसळ घ्या ना आणखी एक वाटी, तुम्हाला आमच्या मुलीची शप्पथ,’ असं म्हणणारा यजमान मी तरी पाहिलेला नाही. आमच्या प्रोटीनचं सगळं दुखणं मला इथे दिसतं. ते आमच्या ताटात नाही असं नाही. पण ते तोंडी लावण्यापुरतं आहे.

प्रमाणाचं हे झालं. आता गुणवत्तेची शंका. इंटरनेटवर दोन चित्रफिती पाहिलेला माणूस लगेच म्हणतो, ‘पण ते अपूर्ण प्रोटीन असतं ना?’ त्याला आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या भाषेत समजावता येतं. शरीरात प्रोटीन बांधायचं तर नऊ अत्यावश्यक अमिनो आम्लं लागतात. ती शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, अन्नातूनच यावी लागतात. नऊ जणांची उपस्थिती हवी, नाहीतर गणपूर्तीअभावी सभा तहकूब. भात-पोळीच्या घरातला लायसिन नावाचा सभासद कायम कमी हजेरीचा. डाळीकडे लायसिन भरपूर, पण तिच्याकडचा मेथिओनिन टाळाटाळ करणारा, आणि तो नेमका धान्याच्या घरात वेळेवर हजर. दोन्ही घरं एकत्र बोलवा, सभा भरते. म्हणूनच वरण-भात, भाकरी-पिठलं, पोळी-उसळ, खिचडी, इडली अशा जोड्या. तीन भाग धान्याला एक भाग डाळ, हे पोषणतज्ज्ञांचं साधं प्रमाण. आणि तहकूब झालेली सभा जशी अर्ध्या तासानं गणपूर्तीशिवाय त्याच जागी पुन्हा भरते, तसंच शरीरही समजूतदार असतं. सकाळच्या भाकरीतला मेथिओनिन आणि संध्याकाळच्या उसळीतला लायसिन यांची एकाच घासात भेट व्हायलाच हवी असं नाही. दिवसभरात दोघं आले की ठराव मंजूर.

खानदेशानं तर ही सभा एकाच भाकरीत भरवली आहे. ज्वारी आणि अख्खे काळे उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी. जळगावकडच्या घरात ती ठेचा आणि भरताबरोबर येते, आणि खाणारा म्हणतो, ‘काही नाही, साधीच भाकरी आहे.’ हीच भाकरी ‘उच्च प्रथिनयुक्त बहुधान्य फ्लॅटब्रेड’ असं लिहून पाकिटात घातली, तर पुण्यात तिच्यासाठी रांग लागेल.

अशी साधी माणसं या राज्यात जागोजागी आहेत. रायगडात वाल. कोकणात कुळीथ, जो घाट चढून वर आला की हुलगा होतो आणि शेंगोळ्यांत वळला जातो. कोकणात त्याची पिठी होते, पाच मिनिटांत, आणि घरात भाजी नसली की आठवते. कुळीथ घोड्यांना घालतात म्हणून त्याला कमी लेखणारे लोक आहेत. मला हे अजब वाटतं. घोडा शर्यतीत धावतो आणि आम्हाला पहिल्या मजल्यावर लिफ्टनं जावं लागतं. मग नेमकं कुणाचं खाणं चुकतंय? सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. आम्ही मात्र उत्तरेकडचा राजमा आणून ‘वीकएंडला काहीतरी वेगळं’ म्हणतो. इस्लामपूर-कराडच्या बाजूला अख्खा मसूर नावाचा पदार्थ ढाब्याच्या पाटीवर मानानं मिरवतो. तिथे माणसं मैलोन्‌मैल गाडी चालवून मसूर खायला येतात, आणि त्यांच्या स्वतःच्या घरी मसुराचा डबा माळ्यावर असतो. शेजारच्या गोव्यात अळसांद्यांचं तोणाक पावाबरोबर न्याहारीला. सोलापुरात शेंगांची चटणी. नागपुरात पाटोडी-रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्या आणि त्यांना आग लावणारा रस्सा. जुन्नर-संगमनेरकडची मासवडी तर कळस आहे. आकार माशाचा, नाव माशाचं, माल सगळा बेसन, तीळ आणि खोबरं. तिकडच्या वारकऱ्याच्या ताटात ती निर्धोक बसते आणि मुंबईहून आलेला जावई ‘मी श्रावण पाळतो’ म्हणून हात मागे घेतो.

यांतलं सगळ्यात गुणी आणि सगळ्यात छळणारं कडधान्य म्हणजे वाल. वालाचं बिरडं खाणारा माणूस डोळे मिटून खातो. करणारी बाई डोळे वटारून करते. वाल आदल्या दिवशी भिजवायचे, मग उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक वाल दोन बोटांत धरून सोलायचा. तो गुळगुळीत डाळिंबी होऊन बाहेर पडतो, कधी पातेल्यात, कधी कोचाखाली. जुन्या घरांत वाल सोलायला सगळं घर बसत असे. त्या निमित्तानं अख्ख्या आळीचीही सालं निघत. आता घरात माणसं तीन आणि त्यांतल्या दोघांच्या हातात फोन. फोनवर अंगठा फिरवणारा माणूस वाल सोलू शकत नाही. दोन्ही कामांना तेच बोट लागतं.

खरं तर कडधान्याची सगळी अडचण इथेच आहे. ते महाग नाही, दुर्मीळ नाही, बेचवही नाही. पण त्याला आदल्या रात्रीची दूरदृष्टी लागते. उद्या दुपारी आपण काय खाणार आहोत हे आज रात्री साडेदहाला ठाऊक असणं ही प्रगल्भतेची फार वरची पायरी आहे. आम्हाला निवृत्तीची योजना जमते, मुलाच्या परदेशातल्या शिक्षणाची जमते, पण ‘अगं, मटकी भिजत घालायची राहिली!’ ही आरोळी रोज सकाळी कुठल्यातरी घरातून उठतेच. मग बटाट्याच्या काचऱ्या होतात. महाराष्ट्रातला निम्मा बटाटा हा राहून गेलेल्या मटकीच्या जागी खाल्ला जातो, असा माझा संशय आहे. यावर भाजीवाल्यांनी मोड आलेल्या कडधान्यांची पाकिटं काढून तोडगा दिला, तर त्यावर शेरा आला, ‘विकतचे मोड? छे! घरच्या मोडांची सर नाही.’ घरचे मोड कुठे आहेत, असं विचारू नये.

दुसरी अडचण बोलायची नसते, पण ऐकू येते. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या आपल्या आतड्यात पचत नाहीत. पुढच्या वळणावर जीवाणू त्यांची वाट पाहत असतात, आणि त्यांच्या मेजवानीतून वायू होतो. आमच्या पूर्वजांना जीवाणू ठाऊक नव्हते, पण वायू नीट ठाऊक होता. म्हणून भिजवलेलं पाणी फेकायचं, मोड आणायचे, मऊ शिजवायचं, फोडणीत हिंग, वालात ओवा, वर आल्याचा तुकडा. आणि महिनोन्‌महिने डाळीचं तोंड न पाहिलेल्यानं एकदम दोन वाट्या छोले खाऊन कडधान्याला शिव्या घालू नयेत. आतड्यालाही सवय लागते. पहिला आठवडा फक्त गर्दीची लिफ्ट टाळावी.

तिसरी अडचण धार्मिक. उपास. एरवी ज्याच्या ताटात थोडं तरी प्रोटीन असतं, त्याच्याकडून एकादशी ते काढून घेते आणि वर दुप्पट खायला घालते. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा स्टार्च; त्यात प्रोटीन जवळजवळ शून्य. एवढ्या पिष्टमय वाळवंटात जीव धरून असतो तो दाण्याचा कूट. खिचडीत कूट सढळ हातानं घालणारी बाई ही त्या दिवशीची पोषण संस्था. वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची वडी, शिंगाड्याचं थालीपीठ यांनी उपास बराच सावरता येतो. पण ते सोडून आम्ही साबुदाणा वडा तळतो आणि देवाला सांगतो, ‘निर्जळी झेपत नाही रे आता.’

प्रोटीनची ही धास्ती आपल्याकडेच आणि आजच आली आहे, असंही समजू नका. साऱ्या जगाला ती एकदा येऊन गेली आहे. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी प्रोटीनच्या येऊ घातलेल्या संकटावर अहवालच काढला होता. जगातल्या गरिबांना प्रोटीन कुठून द्यायचं म्हणून माशांची भुकटी झाली, शेवाळं वाढवून झालं, खनिज तेलातल्या पॅराफिनवर यीस्ट पोसण्याचे कारखानेही झाले. पेट्रोल पंपावरच जेवण मिळेल असा तो काळ. या गोंधळात रोममध्ये बसलेला एक मराठी माणूस शांतपणे बेरीज-वजाबाकी करत होता. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध हे गाव. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा सांख्यिकी विभाग त्यांच्याकडे होता. त्यांचं म्हणणं असं, की गरिबांच्या अन्नात प्रोटीनचं प्रमाण कमी नाही. त्यांना मुळात अन्नच कमी मिळतं. धान्य आणि डाळ यांचं रोजचं जेवण पोटभर मिळालं, तर प्रोटीन आपोआप येईल. पुढे १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड मॅक्लारेन यांनी त्या सगळ्या खटाटोपाला महान फजितीच म्हटलं.

बुधच्या माणसाला हे कळणं स्वाभाविक होतं. नांगर धरून आलेला गडी पाच-सहा भाकऱ्या खातो. एका भाकरीचे सहा ग्रॅम धरले तर तीसच्या वर ग्रॅम नुसत्या ज्वारीतून झाले. वर घट्ट पिठलं, मूठभर शेंगदाणे, आणि वेगळा विचार करायचं कारण उरत नाही. गंमत इथे आहे, की आम्ही नांगर सोडला, भाकरी दीडवर आणली (साखर वाढते), भात बंद केला (वजन वाढतं), पण वरणाची वाटी मात्र जुन्याच मापाची ठेवली. पाच भाकऱ्यांबरोबर जी उसळ तोंडी लावायला पुरत होती, तीच उसळ दीड पोळीबरोबर घेऊन प्रोटीन कसं भरणार? धान्य कमी केलं तर डाळ वाढवायला हवी, हे साधं गणित. आम्ही दोन्ही कमी केलं आणि मधल्या जागेत खाकरा ठेवला.

याचा सगळ्यात मोठा फटका साठीनंतर. वय वाढतं तसे स्नायू झिजतात आणि नेमक्या त्याच वयात आजोबांचं जेवण उतरणीला लागतं. आधी कडधान्य जातं, ‘वातूळ असतं’ म्हणून. मग डाळ जाते, कोणाला तरी युरिक अॅसिड निघालं म्हणून. शेवटी संध्याकाळी मऊ भात आणि लिंबाचं लोणचं उरतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच खावं, त्यात विनोद नाही. पण बाकीच्या आजोबांना मुगाचं घट्ट वरण, धिरडं, ताकातलं पिठलं सहज चालतं. चालत नाही ती फक्त सून म्हणते म्हणून खाण्याची कल्पना.

सरकारचं या बाबतीत एक पुण्य आहे. १९९५ मध्ये राज्यात सत्ताबदल झाला आणि एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं निघाली. हरभऱ्याचं पीठ आणि ज्वारीची भाकरी, गणपूर्तीसह, एका रुपयात. इतकं स्वस्त आणि इतकं पूर्ण जेवण क्वचितच कोणी काढलं असेल. पुढे बऱ्याच केंद्रांवर झुणका सोडून बाकी सगळं मिळू लागलं. त्यानंतर वीस वर्षांनी, २०१५ मध्ये, तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली तेव्हा आमटीची पार आरशी झाली. पातेल्याचा तळ दिसायचा. पुढे डाळ उतरली, पाणी उतरलं नाही. आणि याच राज्यात विदर्भ-मराठवाड्यात शेतंच्या शेतं सोयाबीन पिकतं. त्यातलं तेल आपण घेतो आणि प्रोटीनची पेंड कोंबड्यांना घालतो. मग शाकाहारी माणूस कोंबडीकडे बघून म्हणतो, ‘तिच्यात प्रोटीन असतं!’ सोयाच्या वड्यांत शंभराला पन्नास ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, पण त्या पानात पडल्या की आमच्या घरी ठरलेला शेरा येतो: ‘अगदी चिकनसारख्या लागतात.’ हे सांगणाऱ्या आमच्या आत्यानं जन्मात चिकन चाखलेलं नाही.

आत्याचं नाव निघालंच आहे तर चिरंजीवांचाही विषय काढू. चिरंजीव जिमला जातात. तिथल्या प्रशिक्षकानं त्यांना डबा आणायला सांगितला. दोन हातांत धरावा लागेल एवढा, काळाकुट्ट, वर बैलाच्या मानेचा एक माणूस. किंमत ऐकून मी बसून घेतलं. आत्या बसलेलीच होती.

“यात असतं तरी काय रे?” तिनं विचारलं.

“व्हे प्रोटीन, आत्याआजी. एका मापात चोवीस ग्रॅम.”

“कसलं म्हणालास?”

“व्हे. चीज करताना दूध फाटतं ना, त्याचं जे पाणी उरतं, ते वाळवून करतात.”

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. जन्मभर तिनं नासलेल्या दुधाचं ते पाणी कणीक भिजवायला घेतलं होतं, नाहीतर कढीत ढकललं होतं. “म्हणजे,” ती म्हणाली, “पनीर दुसऱ्यानं खाल्लं आणि पाणी तुला विकलं.”

वाईट वस्तू आहे असं नाही. ज्याला भूकच लागत नाही, ज्याचं ऑपरेशन झालंय, जो खरोखर मैदान गाजवतोय, त्यानं जाणकाराच्या सल्ल्यानं खुशाल घ्यावं. पण राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत स्नायू कमावण्यासाठी अशा भुकट्यांच्या मागे लागू नका, असंच सांगितलं आहे. आणि भुकटीच खायची हौस असेल तर आमच्या फडताळात ती आधीपासून आहेच. मेतकूट म्हणजे हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, तांदूळ, गहू भाजून, मसाला घालून दळलेली भुकटी. थालीपिठाची भाजणी ही दुसरी. दाण्याचा कूट तिसरी. फुटाण्याचं पीठ चौथी. एकीवरही बैलाच्या मानेचा माणूस नाही, ही त्यांच्या जाहिरातीतली त्रुटी.

आत्यानं चिरंजीवांसमोर दिवसाचा हिशेब मांडला, बोटांच्या पेरांवर. चार पोळ्यांचे बारा ग्रॅम. मूदभर भाताचे चार. माणशी तीस ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, सहा. तेवढ्याच मटकीची वाटीभर उसळ, सहा. रात्री एक भाकरी, सहा. पिठल्यात माणशी चाळीस ग्रॅम बेसन, आठ. मधल्या वेळी मूठभर शेंगदाणे, सात. न्याहारीच्या पोह्यांचे चार. त्रेपन्न झाले. “आणि ताक मी धरलेलंच नाही,” ती म्हणाली, “ते जिंकल्याबद्दल बक्षीस.” फक्त एक अट तिनं घातली: उसळ वाटीनं घ्यायची, चमच्यानं नाही, आणि पिठलं असं हवं की ताट कललं तरी ते जागचं हलता कामा नये.

चिरंजीवांनी डबा संपवला, कारण पैसे गेले होते. दुसरा आणला नाही. त्याच्याबरोबर फुकट आलेली हलवायची बाटली मात्र आत्यानं ताब्यात घेतली. तिच्यात बेसन आणि पाणी घालून दोनदा खळखळवलं की पिठल्यात गुठळी म्हणून होत नाही. प्रोटीनच्या उद्योगानं मराठी स्वयंपाकघराला दिलेली ही एकमेव देणगी. आणि रिकामा डबा टाकून देण्याची आमच्या घरात पद्धत नाही. घासून, उन्हात वाळवून आत्यानं त्यात हरभऱ्याची डाळ भरली. डब्यावरचं लेबल काढू का, असं मी विचारलं.

“कशाला?” आत्या म्हणाली. “आत्ता कुठे खरं झालंय.”